मेल आणि कॉलपुरता फोन : नऊ महिने वापरल्यानंतर

दिवाळीच्या आधी माझा जुना फोन पाच वर्षं चालून बसला. चार्जिंगची पिन इतकी ढिली झाली होती की रात्री वायर एका ठरावीक कोनात धरून वर डबा ठेवावा लागायचा. नवा घ्यायचाच होता. बजेट सतरा-अठरा हजार आणि मागणी दोनच : मेल वेळेवर यावा आणि फोनवर नीट बोलता यावं. ऐकायला साधी वाटते, पण दुकानात पारखायला हीच सगळ्यात अवघड, कारण खोक्यावर छापलेल्या कुठल्याच आकड्यात ती सापडत नाही.

मी फोर्टला एका क्लिअरिंग एजंटच्या, म्हणजे आयात माल कस्टममधून सोडवून देणाऱ्याच्या, ऑफिसात डॉक्युमेंटेशन बघते, एकवीस वर्षं झाली. पार्टीकडून, म्हणजे माल मागवणाऱ्या ग्राहकाकडून, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट येते, चेकलिस्ट तिला पाठवायची, तिचा ओके आला की बिल ऑफ एंट्री (कस्टमला द्यायचं आयातीचं पत्रक) फाइल करायचं, शिपिंग लाइनकडून डीओ, म्हणजे माल सोडायची डिलिव्हरी ऑर्डर, घ्यायचा. हे सगळं मेलवर. मध्ये मध्ये ट्रान्सपोर्टवाला, न्हावा शेवा बंदराच्या गेटवरचा ड्रायव्हर, सीएफएसमधला (बंदराबाहेरच्या कंटेनर डेपोतला) आमच्या ऑफिसचा मुलगा यांचे फोन. डीओची मुदत टळली की लाइन पुढच्या दिवसाचं डिटेंशन, म्हणजे कंटेनर जास्त दिवस ठेवल्याचा आकार, लावते आणि ते पैसे कुणाच्या तरी अंगावर येतात. मेल तासभर उशिरा दिसला तर माझ्या कामात त्याची किंमत रुपयांत मोजता येते.

फोन मुलुंडच्या एका दुकानातून घेतला. काउंटरवरचा मुलगा चांगला होता, पण त्याची सगळी कळकळ कॅमेऱ्यावर. पन्नास मेगापिक्सेल, एकशेवीस हर्ट्झ, रात्रीचे फोटो. मी म्हटलं, "दादा, यावरून मला एक कॉल लावून बघायचाय." डेमोच्या फोनात सिमच नव्हतं. मी पर्समध्ये पिन घेऊन गेले होते, माझं सिम काढून त्यात घातलं, यांना बाहेर रस्त्यावर बसस्टॉपपाशी उभं केलं आणि पाच मिनिटं बोलत राहिले. तीन फोनांवर हेच केलं. एकाचा इअरपीस इतका बारीक होता की ट्रॅफिकमधला यांचा आवाज मला एसी दुकानातही ताणून ऐकावा लागला. तो तिथेच बाद. ज्याचा आवाज भरदार आणि स्वच्छ लागला तो घेतला. घेण्याआधी खोक्यावरचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) आणि *#०६# लावून दिसणारा आयएमईआय जुळवला, केवायएम लिहून पुढे तो नंबर टाकून सरकारच्या १४४२२ वर मेसेजही केला. उत्तरात कंपनी आणि मॉडेल बरोबर आलं. सेकंडहँड घेणाऱ्याने तर हे न करता पैसे देऊच नयेत.

कंपनीचं नाव लिहीत नाही. हे मॉडेल आता दुकानात मिळेलच असं नाही, आणि ज्या गोष्टी सांगणार आहे त्या या किमतीतल्या बऱ्याच फोनांत तपासायच्या आहेत.

आवाजाबद्दल मी अजूनही खूश आहे. कंटेनर नंबर फोनवर सांगणं हा माझा रोजचा उद्योग. चार अक्षरं आणि सात आकडे. चौथं अक्षर आपल्या मालाच्या कंटेनरला नेहमी 'यू' असतं, त्यामुळे ते चुकत नाही, पण पहिल्या तिनांत 'एस' की 'एफ', 'बी' की 'डी' हा घोळ कायमचा. जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पलीकडे जायचा. स, फ यांची ओळख ज्या बारीक सुस्काऱ्यात असते तो बराचसा त्याच्या वर असतो, म्हणजे वाटेतच गळायचा. व्होल्टेवरच्या, म्हणजे फोरजीवरून जाणाऱ्या, एचडी कॉलमध्ये ५० ते ७००० हर्ट्झपर्यंत जातो. दोन्हीकडे फोन आणि नेटवर्क धड असेल तर फरक कानाला लगेच कळतो. "मॅडम, फिर से बोलो" हे वाक्य आता दिवसातून एखाद-दोनदाच ऐकू येतं.

पण जी गोष्ट दुकानात बघायची राहिली तिने पहिल्याच आठवड्यात रडवलं. गेटवरून ड्रायव्हरचा फोन, मी नंबर सांगतेय आणि तो "हॅलो, हॅलो, आवाज नहीं आ रहा" करतोय. फोन कानापासून काढला तर स्क्रीन चालू आणि 'म्यूट' दाबलेलं. माझ्याच गालाने. कॉल चालू असताना फोन कानाला लावला की स्क्रीन काळी व्हायला हवी, ती होत नव्हती. कधी होल्ड, कधी कीपॅड, एकदा तर दुसऱ्याच पार्टीचा नंबर कॉन्फरन्समध्ये जोडला गेला. सर्व्हिस सेंटरला दोन खेपा झाल्या, दोन्ही वेळा "अपडेट येईल" एवढंच उत्तर. माझी अर्ध्या दिवसाची रजा गेली आणि हाती काही आलं नाही, याचा मला आजही राग आहे.

नंतर एका माहीतगाराने कारण समजावलं. पूर्वी इअरपीसशेजारी एक छोटा सेन्सर असायचा, समोर काही आलं की स्क्रीन बंद. बऱ्याच स्वस्त फोनांत आता तो वेगळा बसवतच नाहीत. माणसाला ऐकू न येणारा आवाज इअरपीसमधून सोडतात, तो परत कसा येतो आणि फोन कसा उचलला गेला यावरून कान जवळ आहे की नाही याचा अंदाज बांधतात. अंदाज चुकतो. खर्चाची बचत बोलण्याच्या मुळावर येते, आणि बोलण्यासाठी घेतलेल्या वस्तूत ती करायला नको होती. माझा तोडगा असा : कॉल घेतला की पॉवर बटन एकदा दाबायचं, स्क्रीन काळी होते, कॉल चालू राहतो. त्यासाठी 'पॉवर बटनाने कॉल बंद' हा पर्याय सेटिंगमध्ये बंद हवा. आता बोटाला सवय झालीय. तुम्ही मात्र दुकानातच कॉल लावा आणि फोनच्या वरच्या भागावर तळहात धरा. स्क्रीन लगेच विझली पाहिजे, हात काढला की लगेच उजळली पाहिजे. दहादा करून बघा.

आता मेल. सगळ्यात जास्त वेळ यात गेला.

माझा वैयक्तिक मेल जीमेलवर, तो आल्या क्षणी वाजायचा. ऑफिसचा मेल आमच्या स्वतःच्या डोमेनचा, आयमॅपवर (मेल सर्व्हरवरच ठेवून कुठल्याही ॲपमधून वाचायची पद्धत). डिसेंबरात एक दिवस दुपारी जेवून आल्यावर मी फाइल तपासत बसले, फोन टेबलावर पालथा. चार वाजता सहज उचलला आणि सात मेल एकदम टपटप पडले. पहिला दोन वाजून दहा मिनिटांचा होता : डीओसाठी एक पत्र कमी आहे, आज पाचपर्यंत द्या. त्या दिवशी साहेबांनी स्वतः लाइनला फोन करून वेळ वाढवून घेतली म्हणून निभावलं. संध्याकाळी घरी जाताना मला गाडीत काही सुचत नव्हतं.

यात दोन गोष्टी गुंतलेल्या असतात. अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून डोझ नावाची सोय आहे. फोन चार्जरला नसेल, स्क्रीन बंद असेल आणि कुणी हलवलं नाही, तर ॲपना नेट सतत मिळत नाही, मधून मधून थोडा वेळ मिळतं. बॅटरी वाचते. जीमेलचे स्वतःचे मेल गूगलच्या तातडीच्या मार्गाने येतात, म्हणून ते थांबत नाहीत. पण त्याच जीमेल ॲपमध्ये दुसऱ्या कंपनीचं आयमॅप खातं जोडलं, तर ते ॲप ठरावीक वेळाने जाऊन बघतं, कमीत कमी अंतर पंधरा मिनिटं. त्यावर फोन बनवणाऱ्या कंपन्या आपापला बॅटरी सेव्हर चढवतात, आणि माझ्या फोनातला तर ॲप मागे चाललेलं दिसलं की त्याचा गळाच धरायचा. खोक्यावर 'दोन दिवस चालणारी बॅटरी' लिहिलेलं असतं, ते काही अंशी असं तुमच्या मेलच्या जिवावर जमवलेलं असतं.

मी शेवटी ऑफिसच्या खात्यासाठी थंडरबर्ड हे मेलचं ॲप घेतलं. पूर्वीचं के-नाइन मेल, २०२४ च्या ऑक्टोबरपासून या नावाने येतं, फुकट आहे. त्यात आयमॅपचा पुश चालू करता येतो, म्हणजे सर्व्हरशी लाइन उघडी राहते आणि मेल आला की तिथूनच निरोप येतो. मग सेटिंगमध्ये त्या ॲपची बॅटरी 'अनरिस्ट्रिक्टेड' केली, ऑटोस्टार्टची, म्हणजे आपोआप सुरू व्हायची, परवानगी दिली. फरक इतका पडला की ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मेल दिसायच्या आधी फोन वाजतो. मार्चमध्ये सिस्टिमचा मोठा अपडेट आला आणि या परवानग्या गुपचूप पुसल्या गेल्या. आता प्रत्येक अपडेटनंतर मी स्वतःलाच एक मेल पाठवते, फोन पालथा टाकून पाऊण तास हात लावत नाही आणि मग दुसरा पाठवून घड्याळ बघते.

जीमेलवाल्यांनी एवढंच बघावं की फुकटची जागा १५ जीबी आहे आणि १ जून २०२१ पासून नवे फोटोही त्यातच मोजले जातात. जागा भरली की मेल यायचे थांबतात. नव्या फोनवर फोटोंचा बॅकअप आपोआप चालू करू का विचारतो, मी 'नको' म्हटलं.

कव्हरची गोष्ट सांगायलाच हवी, कारण त्यात मी फोनला विनाकारण दोन महिने दोष दिला. चिपळूणहून आई रोज रात्री फोन करते. फेब्रुवारीपासून तिचं एकच : "अगो, तुझा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतोय." मला वाटलं नेटवर्क, मग वाटलं माइक गेला. एका रविवारी चष्मा लावून फोनची खालची कड बघितली. स्टेशनबाहेरून घेतलेल्या रबरी कव्हरचं भोक माइकच्या भोकापासून तांदळाच्या दाण्याएवढं सरकलेलं, आणि मधल्या फटीत पर्समधला कापूस आणि बिस्किटाचा भुगा दाबून बसलेला. कव्हर काढून मऊ ब्रशने झाडलं. भोकात पिन घालू नका, आत नाजूक पडदा असतो. त्या रात्री आई म्हणाली, "आज शेजारी बसून बोलत्येस."

घर भांडुप पश्चिमेला, डोंगराच्या बाजूला, तळमजला. आतल्या खोलीत सिग्नलची एक काडी, तीही ये-जा करणारी. वायफाय कॉलिंगने हा प्रश्न मिटवला. भारतात ही सोय २०१९ च्या अखेरीस सुरू झाली, वेगळे पैसे लागत नाहीत, आपला नेहमीचा नंबर आणि नेहमीचा डायलर, फक्त कॉल घरच्या ब्रॉडबँडवरून जातो. फोन आणि सिम कंपनी दोघांकडे सोय हवी आणि सिमच्या सेटिंगमध्ये ती चालू करावी लागते. माझ्या शेजारणीने ती कधी चालूच केली नव्हती आणि वर्षभर गॅलरीत जाऊन बोलत होती.

दोन सिमचं एक लक्षात घ्या. ऑफिसच्या नंबरवर बोलत असताना घरचा नंबर लावणाऱ्याला 'संपर्काबाहेर' ऐकू येतं, निदान माझ्या फोनात तरी. मी एका नंबरचे 'पोहोचत नसेल तर' हे कॉल दुसऱ्याकडे वळवून ठेवलेत, तिथे कॉल वेटिंग चालू. हे स्वतः सेटिंगमधून करा. कुरिअरवाला किंवा मोबाइल कंपनीचा माणूस म्हणून कोणी *४०१* ने सुरू होणारा नंबर लावायला सांगितला तर फोन ठेवून द्या. तो तुमचे कॉल, म्हणजे कॉलवर येणारे ओटीपीसुद्धा, स्वतःकडे वळवायचा डाव असतो. या फसवणुकीमुळेच सरकारने १५ एप्रिल २०२४ पासून अशा कोडने कॉल वळवणं बंद करायला सांगितलं.

पावसात टचस्क्रीन वेडी होते. थेंबालाही ती बोट समजते आणि ओल्या बोटाने कॉल उचलायची पट्टी सरकत नाही. माझा फोन आयपी ५४, म्हणजे शिंतोड्यांपुरता. पाण्यात बुडवायचा नाही, आणि पाणी गेलं तर ते वॉरंटीत बसत नाही हे बिलामागे लिहिलेलं आहे. यावर आणि लोकलच्या दारातल्यांच्या हातावर फटका मारून फोन पळवणाऱ्या फटका गँगवरही माझा उपाय एकच, वायरवाला इअरफोन. फोन प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पर्समध्ये, पर्स पोटाशी, आणि वायरवरच्या बटनाने कॉल घ्यायचा. लेडीज डब्यात दाराशी उभी असले तरी फोन हातात नसतो. हल्ली बऱ्याच फोनांना इअरफोनचं गोल भोकच नसतं. मला ते होतं म्हणून घेतला आणि पुढच्या वेळीही तेच बघणार.

बॅटरी ५००० एमएएचची. सकाळी सातला शंभर टक्के घेऊन निघते, रात्री आठला घरी पोचते तेव्हा पस्तीसच्या आसपास असते, थंडरबर्डचा पुश धरून. सुरुवातीला पंचेचाळीस असायची. मला पुरेशी आहे. कॅमेरा शिक्का मारलेले कागद स्कॅन करण्यापुरता वापरते, त्यात तक्रार नाही.

गणपतीला चिपळूणला जाताना आईसाठी फोन न्यायचाय. तिला मेल नको, फक्त मोठा, स्वच्छ आवाज आणि कानाला लावल्यावर विझणारी स्क्रीन. पिन पर्समध्ये आहेच. यांना सांगून ठेवलंय, शनिवारी संध्याकाळी पुन्हा बसस्टॉपवर उभं राहायचंय.