टॉर्क रेंच, आठ महिन्यांनी: मुठीवर एक रेघ मारायला काय जात होतं?

घेतला तो रागाच्या भरात. शिरवळच्या पुढे टायर बसला आणि आदल्या आठवड्यात टायरवाल्याने हवेच्या गनने आवळलेले नट काही केल्या सुटेनात. डिकीतला पाना पाव मीटरचा. त्याच्या टोकावर मी, 72 किलोचा माणूस, उभा राहिलो. म्हणजे 72 गुणिले 9.81 गुणिले 0.25, सुमारे 177 न्यूटन-मीटर. नट ढिम्म. गाडीच्या पुस्तकात आवळायचा आकडा आहे 85. शेवटी एका ट्रकवाल्याच्या हातभर लांब पान्याने सुटका झाली.

घरी येऊन 2,600 रुपये घातले. अर्धा इंची, क्लिकवाला (लावलेल्या आकड्याइतकं आवळलं की ‘टक्’ करतो), 28 ते 210 न्यूटन-मीटर, नेहमीचाच. (दुसरी पट्टी फूट-पाउंडची आहे, तिकडे बघून 85 लावलेत तर 115 न्यूटन-मीटर होतात, सांभाळा.) पहिले दोन महिने मी खूश. मग रात्री विचार आला, नुसत्या ‘टक्’ आवाजावर इतके पैसे?

म्हणून मित्राच्या भोसरीच्या शॉपमध्ये तपासणी. वाईसमध्ये बोल्ट पकडला, त्यावर सॉकेट, दांडा आडवा, पाना 60 वर. मुठीच्या मध्याला, बोल्टपासून 40 सेंटिमीटरवर, डिस्टेंपरचा रिकामा डबा टांगला आणि लिटरच्या मापाने पाणी ओतत गेलो. दांडा आडवाच हवा, 30 अंश कलला तर मोमेंट, म्हणजे फिरवण्याचा जोर, 13 टक्के गळतो. डबा धरून 14.1 किलोला टक्. हिशेब 55.3. जवळजवळ 8 टक्के कमी!

दुसऱ्या दिवशी दुकानात बिल घेऊन हजर. “साहेब, खोक्यात सर्टिफिकेट आहे, अधिक-उणे 4 टक्के. बादलीचं आम्ही धरत नाही.” मी चढ्या आवाजात बोललो, तो त्याहून चढ्या आवाजात. एक तारा द्यायचा, हे तिथेच ठरवलं.

हा सगळा प्रकार पुतण्यासमोर सांगितला. तो इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. त्याने वहीच्या मागच्या पानावर फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे पान्यावरचे जोर बाणांनी दाखवणारं चित्र काढलं, डब्याचा बाण खाली, आणि मधोमध दुसरा बाण. “काका, पान्याचं स्वतःचं वजन कुठे गेलं?” पाना बोटावर तोलला, तोल 19 सेंटिमीटरवर. वजन 1.4 किलो. म्हणजे 2.6 न्यूटन-मीटर. एकूण 57.9, साडेतीन टक्के कमी. सर्टिफिकेटात बसतो. डिप्लोमा करून तीस वर्षं झाली, पण हे मला सुचू नये? दुकानदाराला सॉरी म्हणालो नाही, त्याच्याकडून 19 नंबरचं एक सॉकेट मात्र घेतलं.

तर पाना चांगला. पण आता खरी तक्रार, आणि इथे मी हटणार नाही. नळीवर डोक्यापासून 4 सेंटिमीटरवर एक पिन दिसते. आतली स्प्रिंग राखण करते ती त्या पिनेभोवतीच्या मोमेंटची, नटाभोवतीच्या नाही. हात 40 वर असला की नटाला पिनेच्या 40/36 पट मिळतं. हात 25 वर सरकला की 25/21 पट. तोच टक्, तीच सेटिंग, नट मात्र 7 टक्के जास्त आवळला. डबा 25 वर टांगून पाहिलं, 24.2 किलो लागले (पाणी पुरेना, वर माप ठेवलं). उलट दांड्यात पाइप घालून 80 वर ओढलं तर टक् लवकर होतो आणि नट 5 टक्क्यांनी ढिला राहतो. पाइपाने जास्त आवळलं जातं, ही समजूत क्लिकच्या पान्याला लागू नाही.

म्हणजे हात कुठे धरायचा हे मुठीवर लिहिलेलं हवं. नाही. रबरी मूठ 13 सेंटिमीटर लांब, त्यावर कंपनीचं नाव चारदा, आणि रेघ एकही नाही! माहितीपत्रकात “मूठ मध्यभागी धरावी” एवढी एक ओळ, तीही तापमानाच्या सूचनेखाली. 7 टक्क्यांनी चाकाचा नट काही तुटत नाही, हे मला कळतं. तरी.

बायकोच्या लाल नेलपॉलिशने मी 40 वर रेघ मारली. काम झालं की पट्टी 28 वर आणतो, स्प्रिंग आवळून ठेवत नाही, आणि नट सोडायला हा पाना अजिबात वापरत नाही. त्याला तो जुना पाव मीटरचा, आणि माझे 72 किलो.

साडेतीन तारे. रेघ असती तर साडेचार.