एनसीडीयू: डिस्कवरील जागेचा हिशेब मांडणारा प्रोग्रॅम

एनसीडीयू हा प्रोग्रॅम मी गेली सहा वर्षे सर्व्हरच्या देखभालीसाठी वापरत आहे, आणि डिस्क भरत आल्याची सूचना आली की एकूण किती जागा भरली हे सांगणारी डीएफ ही कमांड चालवून झाल्यावर मी त्याच्याकडेच वळतो. योरान हेलिंग यांनी २००७ साली तो प्रथम प्रसिद्ध केला. नावातील 'एनसी' ही अक्षरे एनकर्सेस या टर्मिनलवर पडदा रेखाटणाऱ्या लायब्ररीची आहेत आणि 'डीयू' ही प्रत्येक डिरेक्टरीने किती जागा घेतली ते सांगणारी, युनिक्सच्या १९७१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून चालत आलेली कमांड आहे. डीयू जी माहिती शेकडो ओळींत ओतते, तीच माहिती एनसीडीयू चालून जाता येईल अशा यादीच्या रूपात समोर ठेवतो. त्याचे सगळे मोल या एका फरकात आहे, आणि हा फरक वाटतो त्याहून बराच मोठा आहे.

डीएफ क्षणात उत्तर देते, कारण ती फाइल सिस्टिमने आधीच ठेवलेली एकूण बेरीज तेवढी विचारते. मात्र डिस्क किती भरली एवढेच तिच्याकडून कळते, कशाने भरली हे कळत नाही. त्यासाठी डिरेक्टरींचे संपूर्ण झाड फिरून प्रत्येक फाइलची नोंद तपासावी लागते आणि लाखो फाइली असतील तर या कामाला बरीच मिनिटे लागतात. डीयू वापरताना खरा त्रास इथेच होतो. वरच्या पातळीवर एक डिरेक्टरी मोठी दिसली की तिच्या आत काय आहे हे पाहण्यासाठी कमांड पुन्हा चालवायची, त्यात आणखी एक मोठी दिसली की पुन्हा चालवायची, आणि दर वेळी तीच मोजणी नव्याने होताना पाहत बसायचे. एनसीडीयू एकदाच मोजतो, सगळे झाड स्मरणात ठेवतो आणि त्यानंतर बाणांच्या कळांनी आतबाहेर जाताना क्षणभरही थांबावे लागत नाही. आकारानुसार लावलेल्या यादीत सर्वांत मोठी नोंद वर असल्यामुळे केवळ एंटर दाबत गेले तरी बहुतेक वेळा चार-पाच पायऱ्यांत दोषी फाइल सापडते. माझ्या अनुभवात ती कधी वेळोवेळी न छाटल्याने वाढत गेलेली लॉग (नोंदींची) फाइल असते, कधी विसरलेला बॅकअप, तर कधी कंटेनरच्या (वेगळ्या कप्प्यात चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) जुन्या प्रतिमांचा साठा.

सुरुवात करताना एक्स हा पर्याय देणे मी अनिवार्य मानतो. त्यामुळे मोजणी एकाच फाइल सिस्टिममध्ये राहते आणि नेटवर्कवरून जोडलेला साठा किंवा वेगळी डिस्क हिशेबात शिरत नाही. रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या, वापरकर्त्याचे अधिकारही हवेत. ते नसतील तर ज्या डिरेक्टरी वाचता आल्या नाहीत त्यांच्यापुढे उद्गारचिन्ह येते आणि त्यांचा आकार बेरजेत धरलेला नसतो. हे चिन्ह लहान आहे आणि घाईत नजरेतून सुटते, म्हणून अपुऱ्या अधिकारांनी काढलेल्या बेरजेवर विसंबून कोणताही निर्णय घेऊ नये.

मला सर्वाधिक उपयोगी पडलेल्या दोन कळा अनेकांच्या नजरेत येत नाहीत. 'ए' कळ दाबली की यादी प्रत्यक्ष व्यापलेल्या जागेऐवजी फाइलचा दिसणारा आकार दाखवते. आभासी यंत्राची विरळ (रिकाम्या भागांसाठी डिस्कवर जागा न घेणारी) डिस्क-फाइल १०० जीबीची म्हणून नोंदलेली असली तरी डिस्कवर तिने १२ जीबीच घेतलेले असू शकतात, आणि ती पुसून १०० जीबी मोकळे होतील असे धरून चालणाऱ्याची निराशा ठरलेली असते. दुसरी कळ 'सी'. ती प्रत्येक डिरेक्टरीतील नोंदींची संख्या दाखवते आणि मोठ्या लिपीतील 'सी'ने यादी त्याच संख्येनुसार लागते. डिस्कवर पुष्कळ जागा असूनही नवी फाइल तयार होत नसेल तर आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलमागे एक लागणाऱ्या आणि मोजक्याच असणाऱ्या नोंदी, संपलेले असण्याची शक्यता मोठी असते. डीएफचा आय पर्याय ते सांगतो, पण लाखो इवल्या सेशन फाइली नेमक्या कुठे साचल्या आहेत हे या दुसऱ्या कळेनेच मला सापडले.

आता मर्यादांकडे वळतो. एका सर्व्हरवर डीएफ ७८ जीबी वापरलेले दाखवत होती आणि एनसीडीयूची बेरीज ३१ जीबीच्या पुढे जात नव्हती. प्रोग्रॅम चुकतो आहे असे समजून मी तासभर घालवला. कोणीतरी चालू सेवेची लॉग फाइल पुसून टाकली होती. नाव गेले होते, पण सेवेने ती फाइल उघडी धरलेली असल्यामुळे तिची जागा मोकळी झाली नव्हती. झाडावर नावच उरले नाही तर झाड फिरणाऱ्या कोणत्याही साधनाला ती दिसणार नाही, मग ते डीयू असो वा एनसीडीयू. एलएसओएफ या कमांडने पुसलेल्या पण उघड्या फाइलींची यादी काढली, सेवा पुन्हा सुरू केली आणि ४७ जीबी लगेच परत आले. हा दोष एनसीडीयूचा नाही. तरीही त्याच्या सहायक पानावर याविषयी ठळक इशारा असता तर माझ्यासारख्या अनेकांचा वेळ वाचला असता. एखाद्या डिरेक्टरीवर दुसरी डिस्क जोडल्यावर (माउंट केल्यावर) तिच्याखाली झाकल्या गेलेल्या जुन्या फाइलींनाही हेच लागू होते. लिनक्सवरील ईएक्सटी४ फाइल सिस्टिम सर्वसाधारणपणे रूटसाठी ५ टक्के जागा राखून ठेवते, म्हणून १०० जीबीच्या डिस्कवर सामान्य प्रक्रियांना सुमारे ५ जीबी कमी मिळतात; ही तफावतही या यादीत दिसत नाही.

'डी' कळेने यादीतूनच फाइल पुसता येते. ही सोय मला धोक्याची वाटते. पुष्टी विचारली जाते हे खरे, पण पुन्हा विचारू नये असाही पर्याय त्याच चौकटीत दिलेला आहे, आणि पुसलेली फाइल कचरापेटीत न जाता थेट नष्ट होते. मी नेहमी केवळ वाचनाचा आर पर्याय देऊनच प्रोग्रॅम उघडतो आणि पुसण्याचे काम वेगळ्या टर्मिनलमध्ये, मार्ग पुन्हा वाचून करतो. इतरांच्या डेटाची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांनी हीच सवय लावावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

आवृत्तींबाबत थोडा गोंधळ आहे. मूळ प्रोग्रॅम सी भाषेत होता. २०२२ साली आलेली २.० आवृत्ती झिग भाषेत नव्याने लिहिली गेली. तिला स्मरण कमी लागते आणि हार्ड लिंकचा (एकाच फाइलच्या अनेक नावांचा) हिशेब ती अधिक नीट ठेवते. २०२४ सालच्या सुधारणांमध्ये अनेक थ्रेडनी (समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्यांनी) एकाच वेळी मोजणी करण्याची सोय आली, आणि त्यानंतर मोजणीचा निकाल फाइलमध्ये साठवण्याचे, म्हणजे निर्यातीचे, असे नवे स्वरूप आले की सगळे झाड स्मरणात न भरताही ते पाहता येते. लिनक्सच्या अनेक वितरणांत अजून १.x मालिकाच मिळते. तीही लेखकाने सांभाळलेली असल्यामुळे त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. वेगच हवा असेल तर गो भाषेतील जीडीयू हा पर्याय पाहण्याजोगा आहे.

निर्यातीची सोय मला विशेष मोलाची वाटते. ओ पर्यायाने मोजणीचा निकाल फाइलमध्ये साठवता येतो आणि फाइलच्या नावाच्या जागी केवळ वजाचिन्ह दिले तर तो थेट बाहेर सोडला जातो. एसएसएच या दूरच्या यंत्राशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या साधनावरून तो प्रवाह आपल्या यंत्रावर घेतला तर भरलेल्या डिस्कवर एक अक्षरही लिहावे लागत नाही, आणि मग एफ पर्यायाने ती यादी निवांत चाळता येते.

हे सर्व प्रोग्रॅम आधीपासून बसवलेला असेल तरच शक्य आहे, कारण डिस्क शंभर टक्के भरल्यावर पॅकेज बसवायलाही जागा उरत नाही. लेखक स्वतंत्रपणे चालणारी एकच बायनरी फाइल उपलब्ध करून देतात, तीही कुठेतरी ठेवावीच लागते. त्यामुळे नवा सर्व्हर उभा करतानाच मी एनसीडीयू बसवतो. जिथे तो नसतो तिथे डीयूला एक्स, एच आणि डी १ हे पर्याय देऊन तिचे उत्तर सॉर्ट या क्रम लावणाऱ्या कमांडच्या एच पर्यायाकडे वळवतो आणि एकेक पातळी उतरत जातो.