एर्टिगा की ब्रेझा?
घरात दुसरं बाळ आलंय आणि गावी जाताना आजी-आजोबाही सोबत असतात? मग माझं मत सरळ एर्टिगाला. दोन्ही मारुतीच्याच, दोन्हींत १.५ लिटरचं पेट्रोल इंजिन. खरा फरक जागेचा. ब्रेझा पाच जणांची. तिच्या मागच्या सीटवर मुलांच्या दोन चाइल्ड सीट लावल्या की मध्ये आजीला नीट बसता येत नाही, आणि हे शोरूममध्ये लक्षातच येत नाही. सीट सोबत नेऊन लावून बघा! एर्टिगात सात जण मावतात, पण तेव्हा डिकी उरते २०९ लिटर. शेवटची रांग पाडली तर ५५०. ब्रेझाची ३२८. पार्किंग अरुंद किंवा गावचा रस्ता खडबडीत असेल, तर मात्र चार मीटरच्या आतली, उंच ब्रेझाच सोयीची.