आठ मेगापिक्सलचं भूत, आणि त्यानंतर बसवलेले चार कॅमेरे (आठ महिने वापरून)

सायकल रात्री दोन वाजून सतरा मिनिटांनी गेली, एवढं तरी कॅमेऱ्याने नीट सांगितलं असं वाटलं होतं, पण नंतर कळलं की तेही चूक, कारण त्याचं घड्याळच अकरा मिनिटं पुढे होतं. बाकी चोराचं म्हणाल तर फुटेजमध्ये एक पांढरट धुराचा लोट गेटमधून आत येतो, जिन्याखाली वाकतो आणि सायकल घेऊन जातो. चेहरा नाही, कपड्याचा रंग नाही, बाई की बाप्या तेही सांगता येत नाही. आणि हा कॅमेरा आठ मेगापिक्सलचा बरं का, बॉक्सवर ढळढळीत '४के' आणि 'नाइट व्हिजन ३० मीटर'. दिवसा समोरच्या झाडाची पानं मोजून घ्यावीत इतकं स्वच्छ चित्र, म्हणून वर्षभर मी खुशीत होतो. रात्रीचं फुटेज कधी उघडूनच बघितलं नव्हतं, आता काय बोलणार.

कंपनीचं नाव घेत नाही कारण निम्मी चूक माझीच होती. तो सेट काढला, मग दोन महिने दिसेल ते वाचलं, ओळखीतल्या कॅमेरे बसवणाऱ्यांचं डोकं खाल्लं आणि दुसरा सेट लावला. चार मेगापिक्सलचे चार टरेट कॅमेरे (घुमट नसलेले, उघड्या गोळ्यासारखे), पीओई स्विच (नेटवर्कच्या केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज देणारा), आठ चॅनलचा एनव्हीआर म्हणजे रेकॉर्डर, चार टीबीची डिस्क. मेगापिक्सल निम्मे केले म्हणून घरच्यांनी मला वेड्यात काढलं होतं. आठ महिन्यांनी सांगतो, रात्रीचं चित्र आधीच्यापेक्षा इतकं चांगलं आहे की तुलना करण्यात अर्थ नाही.

कारण साधं आहे. जुन्या कॅमेऱ्याचा सेन्सर १/२.८ इंचाचा आणि त्यात आठ मेगापिक्सल कोंबलेले, म्हणजे एका पिक्सलची बाजू साधारण १.४५ मायक्रॉन. नव्यात सेन्सर १/१.८ इंचाचा आणि पिक्सल फक्त चार मेगा, बाजू २.९ मायक्रॉन. बाजू दुप्पट म्हणजे क्षेत्रफळ चौपट, म्हणजे अंधारात प्रत्येक पिक्सलच्या वाट्याला चौपट उजेड. दिवसा उजेडाला तोटा नसतो म्हणून फरक कळत नाही, रात्री मात्र लहान पिक्सलवाला गेन (सेन्सरच्या सिग्नलची ताकद) वाढवून वाढवून सगळ्या चित्रावर मुंग्या आणतो. बॉक्सवर हा सेन्सरचा आकार कोपऱ्यात बारीक अक्षरात असतो किंवा नसतोच, डेटाशीट उघडून बघावा लागतो. तिथेच लेन्सचं एफ किती (आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं) तेही बघून घ्या, एफ १.० ची लेन्स एफ २.० च्या चौपट उजेड आत घेते. या दोन आकड्यांवर मी निवड केली, बाकी सगळी सजावट.

पण चांगला कॅमेरा आणून नुसता लावला तरी भूतच दिसेल हेही सांगून ठेवतो, मला पहिल्या रात्री दिसलं. शटर, म्हणजे एका फ्रेमसाठी किती वेळ उजेड आत घ्यायचा ते, ऑटोवर असतो आणि अंधार पडला की कॅमेरा तो १/२५, १/१२ सेकंद असा हळू हळू करत जातो, चित्र मस्त उजळ दिसतं, पण त्यात जे हलतं ते पुसलं जातं. जाहिरातीतले रात्रीचे फोटो नीट बघा, रस्ता चकचकीत, गाडी उभी, झाड स्तब्ध, माणूस एकही चालताना नाही! साधा चालणारा माणूस सेकंदाला १.४ मीटर जातो, म्हणजे १/२५ ला एका फ्रेममध्ये साडेपाच सेंटीमीटर सरकला, नाकाचं डोळ्यात आणि डोळ्याचं कानात. मी १/१०० वर बांधून टाकला, आता सव्वा-दीड सेंटीमीटर. चित्र थोडं काळोखं झालं, घरच्यांची परत कुरकुर झाली की आधीचं बरं दिसत होतं, दिसू दे. गेनलाही वरची मर्यादा घातली, आणि नॉइज रिडक्शन नावाचं मुंग्या पुसणारं जे प्रकरण असतं ते शंभरपैकी चाळीसवर आणलं, कारण ते जास्त असलं की चालणाऱ्या माणसामागे शेपटी येते. या तीन सेटिंगमध्ये माझ्या तीन रात्री गेल्या. धाकट्या भावाला टोपी घालून गेटपासून जिन्यापर्यंत येरझाऱ्या मारायला लावल्या, तो शेवटी म्हणाला दादा मीच चोरतो तुझी नवी सायकल पण आता झोपू दे.

लेन्सच्या मिलिमीटरबद्दल थोडं, आकडा जितका लहान तितकं चित्र रुंद. बहुतेक जण २.८ एमएम घेतात कारण त्यात सगळं मावतं. मावतं खरं, पण सगळं बारीक होऊन मावतं. माणूस ओळखता यायचा तर एका मीटरमागे सुमारे २५० पिक्सल पाहिजेत असा कॅमेऱ्यांच्या स्टँडर्डमधला हिशोब आहे, नुसतं कोणीतरी आहे एवढं कळायला २५ पुरतात. चार मेगापिक्सलचं चित्र २५६० पिक्सल रुंद, म्हणजे चेहऱ्यासाठी फार तर दहा मीटर रुंदीची जागा. २.८ च्या लेन्समध्ये ती रुंदी कॅमेऱ्यापासून चार-साडेचार मीटर अंतरावरच संपते, ६ एमएमला अकरा मीटरपर्यंत जाते. म्हणून मी अंगणात एक २.८ ठेवला, काय चाललंय ते दिसायला, आणि गेटवर ६ चा, कोण आलंय ते दिसायला. एकाच कॅमेऱ्याकडून दोन्ही कामं करून घ्यायला गेलात तर दोन्ही अर्धवट. आणि उंची! पहिल्या सेटवेळी मी वर, पार छताच्या कडेला लावलेला, कोणी तोडू नये म्हणून, त्यात फक्त टाळू आणि टोप्या दिसायच्या. आता अडीच-तीन मीटरवर आहेत.

डोम घेऊ नका, निदान बाहेर रात्रीसाठी तरी नको. दिसायला सुबक असतो पण त्याच्या पारदर्शक घुमटावर धूळ, दव, बसवताना उमटलेला अंगठा, काहीही असलं की आतल्या आयआर, म्हणजे इन्फ्रारेड, एलईडीचा उजेड त्यावरूनच उलटा येतो आणि चित्रावर दुधाचा पडदा. टरेटमध्ये लेन्स आणि एलईडीच्या काचा वेगळ्या असल्याने ही कटकट कमी. कमी म्हणतोय, कारण माझा मागच्या बाजूचा टरेट भिंतीच्या फार जवळ लागला आणि रात्री भिंतच ट्यूबलाइटसारखी पेटायची, मग कॅमेरा त्या उजेडाला घाबरून बाकी सगळं काळं करायचा. वीतभर बाजूला सरकवला तेव्हा सुटलं. आणि कोळी. कॅमेऱ्याची ऊब आणि त्या उजेडाला येणारे किडे, दोन्ही बघून कोळी बरोब्बर लेन्ससमोर जाळं विणतात, मग वाऱ्यावर ते जाळं हललं की रात्री चाळीस अलर्ट. याला माझ्याकडे झाडूशिवाय उपाय नाही.

आयआर की रंगीत, हा प्रश्न मला सगळे विचारतात. माझ्याकडे तीन आयआरवाले आणि एक पांढऱ्या एलईडीचा रंगीत. पांढरा उजेड असेल तर रात्री शर्ट लाल होता की निळा ते कळतं, आयआरमध्ये काळा शर्टसुद्धा पांढरा दिसू शकतो. पण रात्रभर दिवा जळतो, शेजाऱ्याच्या खिडकीत जातो, किडे जमतात. आयआरमध्ये परत ८५० नॅनोमीटर आणि ९४० असे दोन प्रकार, ८५० वाल्याचे ठिपके अंधारात लालसर दिसतात, ९४० चे दिसत नाहीत पण पल्ला बराच कमी. बाहेर ८५० च घ्या. लाल ठिपका दिसला तर दिसू दे, उलट चांगलंच. माझ्यापुरतं सांगायचं तर सगळ्यात जास्त सुधारणा कुठल्या कॅमेऱ्याने झाली नाही, गेटवर एक साधा बल्ब लावला त्याने झाली.

आता केबल. यावर मी इतका चिडलो होतो की वेगळं प्रकरण लिहावं. नवा सेट लागल्यावर गेटचा कॅमेरा दिवसभर झकास, आणि रोज दिवेलागणीला बंद, मिनिटभराने चालू, परत बंद. कॅमेरा बदलून आणला, तेच. स्विचचा पोर्ट बदलला, तेच. बसवणाऱ्याने मला ऐकवलं की सॉफ्टवेअर अपडेट करा. मग एका संध्याकाळी कॅमेऱ्याखाली उभा होतो तेव्हा आत 'टक' असा आवाज आला आणि तो बंद झाला. तो आवाज आयआर फिल्टर (दिवसा इन्फ्रारेड अडवणारी काच) बाजूला सरकल्याचा, म्हणजे कॅमेरा नाइट मोडला गेला, एलईडी पेटले आणि त्याच क्षणी झोपला. दिवसा तीन-चार वॅट घेणारा कॅमेरा रात्री सात-आठ घेतो. साध्या पीओईचा पोर्ट १५.४ वॅट देतो आणि दुसऱ्या टोकाला १२.९५ मिळायला पाहिजेत, म्हणजे हिशोबाने पुरून उरावं. केबल साठेक मीटरची, शंभरची मर्यादाही ओलांडलेली नाही. मग टोक कापून ब्लेडने तार खरवडली तर वरचा तांब्याचा रंग गेला आणि आत पांढरी. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा! टोकाचा जॅकही नीट दाबून बसवलेला (क्रिंप) नव्हता, दोन्ही मिळून व्होल्टेज पडत होतं. पूर्ण तांब्याची केबल ओढली, त्या दिवसापासून एकदाही बंद पडला नाही. केबल घेतानाच टोक खरवडून बघा, दुकानदार हसला तर हसू दे. जोड जंक्शन बॉक्समध्ये घ्या, आणि केबल बॉक्समध्ये शिरण्याआधी खाली झोका देऊन मग वर न्या म्हणजे पावसाचं पाणी झोक्यावरून गळून जातं, तारेवरून आत जात नाही.

वायफायवाले का नाही घेतले तर जुना सेट वायफायचाच होता आणि महिन्यातून चारदा मधेच रेकॉर्डिंग गायब. बॅटरीवाले तर झोपलेले असतात, कोणी हललं की जागे होतात, तोवर तो माणूस अर्धा पुढे गेलेला.

रेकॉर्डिंगचा हिशोब आधी करा, नंतर रडू नका. एका कॅमेऱ्याला ४ एमबीपीएस (सेकंदाला चार मेगाबिट) धरले तर दिवसाला ४३ जीबी, चार कॅमेऱ्यांचे १७३, म्हणजे चार टीबीच्या डिस्कवर तेवीसेक दिवस मावतात. व्हिडिओ दाबून लहान करायची एच.२६५ पद्धत लावली तर जुन्या एच.२६४ च्या मानाने जागा साधारण निम्मी लागते. पण बिटरेट (हाच एमबीपीएसचा आकडा) व्हेरिएबल, म्हणजे कमी-जास्त होणारा, ठेवलात तर एक गंमत होते, रात्री चित्रात मुंग्या जास्त, कॅमेऱ्याला वाटतं सगळंच हलतंय, आणि ज्या वेळी काही घडत नाही त्या वेळी डिस्क जास्त भरते, म्हणून वरची मर्यादा घालाच. मी चोवीस तास सतत रेकॉर्ड करतो, फक्त मोशनवर नाही. मोशनवाल्यात नेमका हवा तो अर्धा मिनिट निसटतो. मोशनच्या खुणा नुसत्या शोधायला वापरतो, आणि त्यातही माणूस आणि गाडी एवढंच निवडलंय, नाहीतर पाऊस पडला की फोन रात्रभर वाजतो. डिस्क कॅमेऱ्यांसाठी बनवलेली घेतली, डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक असल्या, कारण जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेली डिस्क चोवीस तास लिहायला लावली तर ती कधी मान टाकेल सांगता येत नाही.

एनव्हीआर ठीक आहे. मेनू कोणी रागाच्या भरात बनवलाय असं वाटतं, फुटेज बाहेर काढलं की कंपनीचाच प्लेअर लागणाऱ्या फाइलमध्ये देतो, एमपी४ चा पर्याय तीन पडदे आत लपवलाय तो सापडायला मला महिना लागला. ऑनव्हिफ (वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे आणि रेकॉर्डर जुळावेत म्हणून केलेलं स्टँडर्ड) आहे म्हणून दुसऱ्या कंपनीचा रंगीत कॅमेरा त्याला जोडता आला, चित्र लगेच आलं, पण त्या कॅमेऱ्याचं माणूस ओळखणं एनव्हीआरपर्यंत पोचत नाही, नुसतं मोशन पोचतं. बॉक्सवर ऑनव्हिफ लिहिलंय म्हणजे सगळं जुळेल असं धरून चालू नका. घड्याळाचं मात्र पहिल्याच दिवशी केलं, एनव्हीआर इंटरनेटवरून वेळ घेतो आणि कॅमेरे एनव्हीआरकडून. लाइट गेली तर म्हणून एनव्हीआर, पीओई स्विच आणि राउटर तिन्ही एका यूपीएसवर. फक्त एनव्हीआर ठेवलात तर तो जागा राहतो आणि कॅमेरे झोपतात, हसू नका, मी केलंय.

आणि कृपा करून राउटरवर पोर्ट (इंटरनेटवरून आत यायचा दरवाजा) उघडून कॅमेरे बाहेरून बघू नका. २०१६ साली मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने नेमके असेच कॅमेरे आणि रेकॉर्डर पकडले होते, कंपनीचा मूळचा पासवर्ड तसाच ठेवलेले, आणि त्यांच्या फौजेने मोठमोठ्या साइट पाडल्या. माझे कॅमेरे वेगळ्या नेटवर्कवर आहेत, त्यांना इंटरनेटच नाही, मला बाहेरून बघायचं असेल तर फोनवर व्हीपीएन (घरच्या नेटवर्कपर्यंतची खाजगी वाट) चालू करतो. दहा सेकंद जास्त जातात.

पाचपैकी किती म्हणाल तर कॅमेऱ्यांना साडेचार, एनव्हीआरला तीन, त्या केबलला शून्य. परवा रात्री दीडच्या सुमारास कोणीतरी गेटशी येऊन कडी हलवून गेला, चेहरा, शर्टावरची रेघ, हातातली पिशवी, सगळं स्पष्ट, वेळ सेकंदाला बरोबर. शेजारचे काका होते, गेट चुकले होते, सकाळी फुटेज दाखवलं तर म्हणाले अरे मी इतका वाकलोय का चालताना. नंबर प्लेटचं मात्र जमलेलं नाही. गाडी आली की प्लेट आयआरचा उजेड जशाच्या तशा परत फेकते आणि पांढरा चौकोन दिसतो, त्याला १/१००० च्या आसपास शटर लागतो आणि त्या शटरला बाकी सगळं काळं, म्हणजे त्यासाठी वेगळाच कॅमेरा. एनव्हीआरचे चार चॅनल रिकामे आहेत, बघू.