वॉर्डात नर्सिंगच्या विद्यार्थ्यांचं मूल्यमापन कसं करायचं? चेकलिस्ट, रेटिंग स्केल, ऑस्की आणि प्रत्यक्ष निरीक्षणाची तुलना

टीपीआर चार्टमधला (तापमान, नाडी आणि श्वसन नोंदवण्याच्या तक्त्यातला) श्वसनगतीचा रकाना नीट पाहा. वॉर्डातल्या जवळपास प्रत्येक पेशंटपुढे 18 किंवा 20 लिहिलेलं दिसलं, तर श्वास मोजलेच गेलेले नाहीत असं समजायला हरकत नाही. ते आकडे लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना तोंडी परीक्षेत विचारा. पूर्ण एक मिनिट मोजायचे, पेशंटच्या लक्षात येऊ न देता मोजायचे, लय आणि खोली पाहायची, हे सगळं ते बिनचूक सांगतील. डेमो रूममध्ये करूनही दाखवतील. वॉर्डात मात्र करणार नाहीत.

जॉर्ज मिलर यांनी 1990 मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी एक पिरॅमिड मांडला. त्याच्या पायऱ्या चार: माहीत असणं, कसं करायचं ते माहीत असणं, करून दाखवता येणं आणि प्रत्यक्षात करणं. मूल्यमापनाची पद्धत निवडताना पहिला प्रश्न हाच असायला हवा, की मला यातली कोणती पायरी तपासायची आहे? बहुतेक गोंधळ होतो तो तिसऱ्या पायरीचे गुण चौथ्या पायरीच्या नावावर जमा केल्यामुळे. पोस्टिंगचा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या वॉर्डातल्या प्रशिक्षणकाळाचा, आराखडा आखणाऱ्या ट्यूटरसाठी आणि क्लिनिकल इन्स्ट्रक्टरसाठी ही तुलना लिहिली आहे. सगळ्या पद्धती एकाच प्रसंगावर लावून पाहू.

प्रसंग साधा आहे. व्हायटल्स (नाडी, श्वास वगैरे) घेताना पल्स ऑक्सिमीटर रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण 84 टक्के, म्हणजे धोक्याइतकं कमी, दाखवतो. पेशंट निवांत बोलतोय, जीभ गुलाबी आहे, बोटं मात्र गार पडली आहेत. पहिली विद्यार्थिनी 84 लिहून पुढच्या बेडकडे जाते. दुसरी आकडा पाहताच धावत जाऊन सिस्टरांना बोलावते. तिसरी आधी पेशंटकडे पाहते, श्वास मोजते, मशीनवरची नाडी मनगटावरच्या नाडीशी जुळते का ते तपासते, हात ऊबदार करून प्रोब दुसऱ्या बोटाला लावते. आता 97 येतं. ती दोन्ही रीडिंग कारणासह लिहिते आणि सिस्टरांच्या कानावर घालते.

चेकलिस्ट

हात स्वच्छ केले, ओळख पटवली, प्रोब लावला, नोंद केली. चेकलिस्टवर तिघींनाही जवळपास सारखेच गुण पडतील. पहिलीने जे केलं ते धोकादायक होतं, पण तिच्या चारही चौकटींत बरोबरची खूण येईल. विचार कसा केला, हे हो-नाहीच्या चौकटीत मावत नाही.

1999 मध्ये ब्रायन हॉजेस आणि सहकाऱ्यांनी डॉक्टरांवर केलेला एक अभ्यास इथे आठवतो. अनुभवी डॉक्टरांना एकूण दर्जाच्या रेटिंगमध्ये शिकाऊंपेक्षा जास्त गुण मिळाले, पण चेकलिस्टवर कमी. जाणकार माणूस ठरावीक प्रश्नांची यादी संपवत बसत नाही, नेमकं विचारून पुढे जातो. त्याला यादीनुसार मोजलं की तो मागे पडतो.

म्हणून चेकलिस्ट टाकून द्यायची का? मुळीच नाही. कॅथेटर घालणं, ड्रेसिंग, रक्त चढवण्यापूर्वीची पडताळणी अशा कामांत पायऱ्या ठरलेल्या असतात आणि एक पायरी चुकली तर पेशंटला इजा होऊ शकते. तिथे चेकलिस्टइतकं स्वच्छ साधन दुसरं नाही. फक्त सगळ्या पायऱ्यांना सारखं वजन देऊ नका. निर्जंतुकपणा मोडला, दोन ओळखखुणा तपासल्या नाहीत, ॲलर्जी विचारली नाही, या पायऱ्यांपुढे तारांकन करा आणि त्यातली एक जरी चुकली तरी प्रोसिजर पुन्हा, असं आधीच जाहीर करा. ट्रे नीटनेटका लावल्याच्या गुणांनी मोडलेल्या निर्जंतुकपणाची भरपाई होता कामा नये.

रेटिंग स्केल

'उत्तम, चांगले, समाधानकारक' असं स्केल भरायला सोपं, म्हणूनच सर्वांत जास्त वापरलं जातं आणि सर्वांत जास्त फसवतं. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्ये लष्करी अधिकाऱ्यांच्या मूल्यमापनात दाखवून दिलं होतं, की एका गुणाबद्दलचं मत बाकी सगळ्या गुणांच्या आकड्यांवर सांडतं. वॉर्डात हे रोज घडतं. वेळेवर येणारी, गणवेश टापटीप ठेवणारी, नम्र बोलणारी विद्यार्थिनी औषधाचा डोस काढण्यातही 'चांगली' ठरते. तिला डोस काढताना कुणी पाहिलेलं नसतं. आणि अबोल, बुजरी विद्यार्थिनी हातात कौशल्य असूनही 'समाधानकारक' राहते. मला हा अन्याय चेकलिस्टच्या उणिवेपेक्षा मोठा वाटतो, कारण तो कागदावर दिसतच नाही.

स्केलच वापरायचं असेल तर कॅथलीन बाँडी यांनी 1983 मध्ये मांडलेलं पाहा. त्यात स्वतंत्रपणे काम करणाऱ्यापासून पूर्णपणे इतरांवर अवलंबून असणाऱ्यापर्यंत पाच पातळ्या आहेत. काम सुरक्षित आणि अचूक होतंय का, सफाईने होतंय का आणि त्यासाठी किती वेळा सांगावं किंवा हात धरून दाखवावं लागलं, यावर पातळी ठरते. 'किती वेळा सांगावं लागलं' याचं उत्तर स्वभावावर ठरत नाही, म्हणून दोन परीक्षकांची मतं जुळण्याची शक्यता वाढते. विद्यार्थिनीलाही पुढे काय करायचं ते कळतं. 'सुधारणेला वाव आहे' या शेऱ्यातून ते कधीच कळत नाही.

विचारप्रक्रियाच मोजायची असेल तर कॅथी लासाटर यांचं 2007 चं रूब्रिक, म्हणजे पातळीनिहाय निकषांचा तक्ता, आहे. ते क्रिस्टीन टॅनर यांच्या क्लिनिकल निर्णयाच्या मांडणीवर उभं आहे: लक्षात येणं, अर्थ लावणं, कृती करणं आणि नंतर त्यावर विचार करणं. आपल्या तीन विद्यार्थिनी इथे लगेच वेगळ्या होतात. पहिलीच्या काही लक्षातच आलं नाही. दुसरीच्या लक्षात आलं, पण अर्थ लावता आला नाही. तिसरीने पुढचंही केलं. दुसरीने मदत मागितली हे मात्र तिच्या बाजूने धरायलाच हवं. नवख्या विद्यार्थिनीसाठी ते सुरक्षित वागणं आहे. तिला अर्थ लावायला शिकवायचं, घाबरली म्हणून गुण कापायचे नाहीत.

ऑस्की

ऑस्की म्हणजे ऑब्जेक्टिव्ह स्ट्रक्चर्ड क्लिनिकल एक्झामिनेशन. स्कॉटलंडमधल्या डंडी इथे रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी ही परीक्षा विकसित केली आणि 1975 मध्ये जगापुढे मांडली. ठरावीक मिनिटांची स्टेशन्स, सगळ्यांना तोच प्रश्न, पेशंटची भूमिका करणारी तीच प्रशिक्षित व्यक्ती, तीच गुणपत्रिका. न्याय्यपणात वॉर्डातली कोणतीही पद्धत तिच्या जवळपास येत नाही. वॉर्डात एकीच्या वाट्याला शांत पेशंट येतो आणि दुसरीच्या वाट्याला कोसळत चाललेला. ऑस्कीत तसं होत नाही.

तिची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक, खोल्या, परीक्षक आणि तयारीचे दिवस. स्टेशन्स कमी केली तर निकालाची विश्वासार्हता घसरते, कारण एका स्टेशनवर चांगलं करणारी दुसऱ्यावर करेलच असं नसतं. चार स्टेशन्सच्या ऑस्कीवर कुणाला नापास करू नका. दुसरी किंमत जास्त गंभीर आहे: ऑस्कीला सगळे श्वास मोजतात. तिथे बघणारा समोर असतो, पेशंट एकच असतो आणि दुसरं कुठलंही काम खोळंबलेलं नसतं. आठ पेशंट, दोन ॲडमिशन आणि वाजणारा इन्फ्यूजन पंप या गर्दीत काय होईल, ते ऑस्की सांगू शकत नाही. म्हणून माझ्या मते ती वॉर्डात पाठवण्याआधीचा दरवाजा म्हणून उत्तम आहे. वर्षाखेरीचा एकमेव निवाडा म्हणून ती अपुरी पडते.

प्रत्यक्ष कामाचं छोटं निरीक्षण आणि प्रसंगनोंद

1995 मध्ये जॉन नॉर्सिनी आणि सहकाऱ्यांनी शिकाऊ डॉक्टरांसाठी मिनी-सीईएक्स (मिनी क्लिनिकल इव्हॅल्युएशन एक्सरसाइज) ही पद्धत मांडली: खऱ्या पेशंटसोबतची साधारण वीस मिनिटं पाहायची, लगेच बाजूला घेऊन बोलायचं, आणि असं वेगवेगळ्या परीक्षकांनी वेगवेगळ्या पेशंटवर पुन्हा पुन्हा करायचं. नर्सिंगमध्ये हाच साचा औषधं देणं, पाळी बदलताना माहिती देणं किंवा नवीन पेशंट दाखल करून घेणं यांना सहज बसतो. एकच निवडा म्हटलं तर मी हीच पद्धत निवडेन. ती चौथ्या पायरीच्या सर्वांत जवळ जाते आणि तिच्यात शिकवणंही होतं.

अडचण वेळेची आहे आणि ती खरी आहे. दहा विद्यार्थी आणि एकच इन्स्ट्रक्टर असेल तर रोज सगळ्यांना पाहणं अशक्य. रोज दोघींची पाळी ठरवा. बाकीच्यांसाठी प्रसंगनोंद ठेवा: तारीख, काय घडलं, तिने काय केलं, काय म्हणाली. मत लिहू नका. 'निष्काळजी आहे' ही नोंद निरुपयोगी आहे. 'सकाळी 10 वाजता इन्सुलिन देण्यापूर्वी रक्तातली साखर तपासली नाही, विचारल्यावर थांबली आणि तपासली' ही नोंद पुढे कुणालाही दाखवता येते. चांगल्या प्रसंगांचीही तितकीच नोंद व्हायला हवी. नाहीतर तुमची वही म्हणजे चुकांचं रजिस्टर असा बोभाटा होतो आणि विद्यार्थी तुम्हाला पाहिलं की चुका लपवू लागतात. वॉर्डात लपवलेल्या चुकीइतकं घातक काही नाही.

लॉगबुकबद्दल थोडक्यात. प्रोसिजर किती वेळा केली हे त्यातून कळतं, कशी केली ते कळत नाही. आठवड्याच्या शेवटी एकदम घेतलेल्या सह्यांचं लॉगबुक तर किती वेळा केली, हेही सांगत नाही.

तुमच्यासाठी काय?

पहिल्या वर्षाचे विद्यार्थी पहिल्यांदाच वॉर्डात जाणार असतील तर तारांकित चेकलिस्ट आणि छोटी ऑस्की. मधल्या पोस्टिंगमध्ये छोटी निरीक्षणं, बाँडीच्या पातळ्या आणि प्रसंगनोंद. या टप्प्यावर गुणांची घाई नको. निरीक्षण शिकण्यासाठी आहे की गुणांसाठी, हे दर वेळी आधी सांगा. शेवटच्या वर्षी पुरेशा स्टेशन्सची ऑस्की, तिच्या जोडीला निरनिराळ्या परीक्षकांची वॉर्डातली निरीक्षणं आणि विचारप्रक्रियेसाठी लासाटरचं रूब्रिक. पोस्टिंग दोनच आठवड्यांचं असेल तर एकूण दर्जा ठरवण्याचा हट्ट सोडा. जे पाहिलं तेवढंच लिहा आणि ते पुढच्या वॉर्डच्या इन्स्ट्रक्टरकडे पोहोचवा.

कमकुवत विद्यार्थिनीच्या बाबतीत पद्धतीपेक्षा वेळ महत्त्वाची ठरते. कॅथलीन डफी यांनी 2003 मध्ये स्कॉटलंडमधून मांडलेल्या अभ्यासात दिसलं होतं, की मार्गदर्शकांच्या मनात शंका असूनही काही विद्यार्थी पास होऊन पुढे गेले. प्रश्न वेळीच लेखी मांडला गेला नाही, की शेवटी संशयाचा फायदाच दिला जातो. पोस्टिंगच्या मध्यावर, तिच्यासमोर बसून, नोंदी दाखवून लेखी आढावा घ्या. कोणत्या दोन गोष्टी किती दिवसांत दिसायला हव्यात ते लिहा, दोघांच्या सह्या घ्या, आणि पुढचं निरीक्षण दुसऱ्या परीक्षकाकडून करवून घ्या.