परग्रहाचं अधिक्रमण टिपायचंय: लेन्स की दुर्बीण?

साताऱ्यात किंवा सांगलीत राहून परग्रहाचं अधिक्रमण, म्हणजे दुसऱ्या ताऱ्याचा ग्रह त्याच्यासमोरून जाताना त्याच्या प्रकाशात होणारी घट, नोंदवायचं म्हटलं की आधी खर्चाचा प्रश्न येतो. घरातला डीएसएलआर, २०० मिमीची लेन्स आणि आकाशाच्या गतीने कॅमेरा फिरवणारा छोटा ट्रॅकर पुरेल, की आठ इंची दुर्बीण, तिला पेलून ताऱ्यामागे फिरवणारं दणकट माउंट आणि कूल्ड मोनो (सेन्सर थंड ठेवणारा कृष्णधवल) कॅमेरा घ्यावा? दुसऱ्या संचाचा खर्च काही लाखांत जातो. माझं स्पष्ट मत आहे, पहिला हंगाम लेन्सवर काढा.

जंबुक तारकासमूहातला एचडी १८९७३३ हा ७.७ प्रतीचा तारा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद). दर २.२ दिवसांनी त्याचा ग्रह समोरून जातो आणि पावणेदोन तासांसाठी प्रकाश सुमारे अडीच टक्के घटतो. महाश्वातला एचडी २०९४५८ तितकाच तेजस्वी, पण तिथे घट दीड टक्का आणि वेळ तीन तास, म्हणून तो दुसरा घ्यावा. अधिक्रमण सर्वप्रथम दिसलं ते याच ताऱ्यावर, १९९९ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी फिनलंडमधल्या हौशी निरीक्षकांनी ते टिपलं! पाऊस ओसरला की ऑक्टोबरात संध्याकाळी दोन्ही तारे आपल्या जवळजवळ डोक्यावर असतात. तिथे हवेचा थर पातळ, त्यामुळे लुकलुक कमी.

अशा तेजस्वी ताऱ्यांसाठी दुर्बीण उलट अडचणीची ठरते. घट मोजायची ती शेजारच्या ताऱ्याशी तुलना करून, आणि तिच्या चिमुकल्या दृष्टिक्षेत्रात तुलनेला तोडीचा तारा सापडत नाही, लेन्समध्ये असे कितीतरी येतात. फोकस थोडा बिघडवून ठेवा, रॉ फाइलमधला (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमधला) फक्त हिरवा चॅनेल मोजा, अनेक फ्रेमची सरासरी काढा. कॅमेऱ्याचं घड्याळ मात्र सेकंदापर्यंत जुळवलेलं हवं. अधिक्रमणाच्या आधीचा आणि नंतरचा किमान अर्धा-अर्धा तासही टिपायचा.

दुर्बीण जिंकते मंद ताऱ्यांवर. वास्प-४३ हा १२.४ प्रतीचा, ग्रहाची फेरी साडेएकोणीस तासांची, घट अडीच टक्के. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या रात्रींसाठी उत्तम, पण लेन्सच्या आवाक्याबाहेर. परग्रहांच्या अभ्यासासाठीच्या युरोपच्या एरियल अवकाश मोहिमेसाठी अधिक्रमणांच्या वेळा गोळा करणाऱ्या एक्सोक्लॉक प्रकल्पाला नियमित नोंदी पाठवायच्या असतील, तर दुर्बिणीशिवाय फार पुढे जाता येत नाही.

जागेचा विचार मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कास पठारावर धुकं आणि वारा, कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात दव. त्यापेक्षा माण, आटपाडी, जतकडचं कोरडं आकाश बरं. लेन्स आणि ट्रॅकर पाठीवरच्या बॅगेत घालून दुचाकीवरून तिथे जाता येतं, दुर्बिणीला चारचाकी आणि मोठी बॅटरी लागते. ट्रॅकर किंवा माउंटचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे जुळवावा लागतो आणि आपल्याकडे तो जेमतेम १७ अंशांवर असतो, म्हणून उत्तरेला डोंगर आडवा येणार नाही अशीच जागा निवडा.

दुर्बीण घ्यायचीच झाली, तर व्यासाआधी माउंटवर पैसे घाला. तारा तासन्‌तास त्याच पिक्सेलांवर राहिला नाही, तर एका टक्क्याची घट चुकांत बुडते. जर्मन पद्धतीचं माउंट तारा मध्यान्हवृत्त (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडताना उलटवावं लागतं. ती वेळ अधिक्रमणाच्या मधोमध येत नाही ना, हे तारीख ठरवतानाच पाहा.