अमेरिकेला जाताना मिक्सर: इथला न्यावा की ११० व्होल्टचा घ्यावा?

अमेरिका किंवा कॅनडात बिऱ्हाड हलवायचं ठरलं की मिक्सरवरून घरात दोन तट पडतात. आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं). तिकडे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. खोक्यावर ‘११० व्होल्ट’ लिहिलेले मिक्सर याच विजेसाठी असतात. वाटा तीन: इथला मिक्सर आणि सोबत स्टेप-अप (व्होल्टेज वाढवणारा) ट्रान्सफॉर्मर, सरळ ११० व्होल्टचा मिक्सर, किंवा तिकडच्या घरात २४० व्होल्टचा पॉइंट.

पिना बदलणारा अ‍ॅडॉप्टर ही चौथी वाट नव्हे. त्याने फक्त प्लग बसतो, व्होल्टेज तेच राहतं. मोबाइल-लॅपटॉपच्या चार्जरवर ‘१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ छापलेलं असतं, म्हणून त्यांना अ‍ॅडॉप्टर पुरतो. मिक्सर उलटा करून तळाची पट्टी वाचा, तिथे नुसतं २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ दिसेल. असा मिक्सर थेट १२० व्होल्टला लावला तर तो मरगळल्यासारखा फिरतो. शेंगदाण्याचं कूट कसंबसं होईल, पण ओल्या खोबऱ्याच्या वाटणात पातं अडकेल. अडकलेल्या मोटरचा पंखाही थांबतो, वीज मात्र वाहत राहते, आणि वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, तापून वास सुटतो.

आता ट्रान्सफॉर्मर. ७५० वॅटच्या मिक्सरला ७५० वॅटचा ट्रान्सफॉर्मर पुरत नाही, कारण सुरू होताना मोटर काही क्षण कितीतरी जास्त करंट ओढते. किमान १५०० वॅटचा घ्या, २००० वॅटचा असेल तर उत्तम. आत लोखंडी गाभा असल्याने तो चांगलाच जड असतो, आणि मिक्सर बंद असतानाही गुणगुणत थोडी वीज खातो. काम झालं की त्याचं बटण बंद करा. १२० व्होल्टच्या बाजूला हाच मिक्सर साधारण सव्वासहा अँपिअर घेतो, म्हणून त्याच १५ अँपिअरच्या सर्किटवर मायक्रोवेव्ह चालू असेल तर ब्रेकर पडू शकतो. तळहाताएवढे हलके ‘२००० वॅट कन्व्हर्टर’ स्वस्त मिळतात. ते इस्त्री, हेअर ड्रायरसारख्या तापणाऱ्या वस्तूंसाठी असतात. मोटरला लावू नका.

हर्ट्झचं काय? ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. मिक्सरची मोटर कार्बन ब्रशवाली असते, तिला ५० काय नि ६० काय, फारसा फरक पडत नाही. इडली-डोशाचं पीठ वाटणाऱ्या वेट ग्राइंडरची गोष्ट वेगळी. त्यात बहुधा इंडक्शन मोटर असते आणि तिचा वेग हर्ट्झवर ठरतो. ५० हर्ट्झला मिनिटाला सुमारे १४४० फेरे घेणारी मोटर ६० हर्ट्झला १७०० च्या पुढे जाते, जोर मात्र कमी होतो. त्यामुळे भिजवलेल्या डाळीचा पहिला घाणा टाकतानाच ती कुंथते. वेट ग्राइंडर इथून नेऊच नका. ११० व्होल्ट, ६० हर्ट्झचाच घ्या.

तिसरी वाट स्वतःचं घर असणाऱ्यांसाठी. अमेरिकन घरात १२० व्होल्टच्या दोन तारा येतात आणि त्या दोन्हींमध्ये २४० व्होल्ट मिळतात. कपडे वाळवायचं यंत्र आणि ओव्हन त्यावरच चालतात. परवानाधारक इलेक्ट्रिशियन ओट्यापाशी तसा पॉइंट काढून देतो. इथला मिक्सर त्यावर पूर्ण ताकदीने चालतो. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: तिथे दोन्ही तारा जिवंत असतात आणि मिक्सरचं बटण बहुधा एकच तोडतं. बटण बंद केलं तरी आतपर्यंत वीज असते, त्यामुळे मोटरचा भाग पुसण्याआधी प्लग उपसायचाच.

आमचं मत सरळ आहे. दोन वर्षं किंवा जास्त राहणार असाल तर ११० व्होल्टचा घ्या. प्रीतीसारख्या भारतीय कंपन्या ११० व्होल्टची मॉडेलं बनवतात, त्यामुळे चटणीचं छोटं भांडंही मिळतं. घेताना यूएल, ईटीएल किंवा सीएसए यांपैकी एखादी सुरक्षा-चाचणीची खूण पाहा. त्याच मॉडेलचे कपलर (भांडं मोटरला जोडणारा भाग), झाकणाची रबरं आणि कार्बन ब्रशची जोडी सोबत असू द्या. पहिल्यांदा झिजतो तो कपलर. परत येताना हा मिक्सर तिकडेच कुणाला तरी देऊन या, आपल्या २३० व्होल्टला लावलात तर मोटर जळेल. ट्रान्सफॉर्मरचा खर्च तेव्हाच परवडतो, जेव्हा शिलाई मशीनसारखी आणखी एखादी २३० व्होल्टची वस्तू नेणार असाल. इंडक्शन शेगडी त्यात धरू नका: २००० वॅट म्हणजे १२० व्होल्टला जवळपास १७ अँपिअर, साध्या १५ अँपिअरच्या पॉइंटच्या आवाक्याबाहेर.

ब्रिटन, दुबई, सिंगापूर, ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी एवढा विचार करायचं कारण नाही. तिकडेही २३० व्होल्टच्या आसपास आणि ५० हर्ट्झ. सौदीत ६० हर्ट्झ आहे आणि जुन्या घरांत १२७ व्होल्टचे पॉइंट असू शकतात, आधी विचारून घ्या. जपानमध्ये १०० व्होल्ट असतात, ११० व्होल्टचा मिक्सर तिथे किंचित मंद चालतो. ब्रिटिश प्लग बसवताना तपकिरी किंवा लाल तार फ्यूजच्या बाजूला, निळी किंवा काळी न्यूट्रलला, हिरवी अर्थला. मिक्सरच्या बारीक वायरसाठी १३ ऐवजी ५ अँपिअरचा फ्यूज घाला.